माडवेळचं चौथं धुराडं

देवीच्या पारासमोर ती होडी दिसते ना, धुराड्याची? होडीला धुराडं कशाला, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. मुंबईचे आधी फोटो काढतात, मग विचारतात. बांबूच्या तट्ट्याचं आहे, मोडायचं नाही. टेका खुशाल त्याला पाठ. याला आम्ही ‘चौथं’ म्हणतो. पहिली तीन कुठं गेली, तेच सांगतो.

पहिल्या महायुद्धात गोऱ्यांची एक विनाशिका होती म्हणे. तिच्या नावाला आमच्या पूर्वजांची जीभ वळेना, म्हणून त्यांनी ‘सुरमय’ ठेवलं. घडण त्या माशासारखीच: लांब, अरुंद, अंगावर पापडाएवढा पत्रा, अर्धं पोट बॉयलरनं भरलेलं, वर तीन धुराडी. जाड चिलखत घातलं तर पळणार कशी? बॉयलरला कोळसा घालायला माडवेळचे आगवाले, त्यांत धाकू तांडेल. शिमग्यात सोंगं आणावीत तर यानंच. एकदा वाघ होऊन यानं खोताला माडावर चढवला. खोताला चढणं जमलं, उतरणं काही जमेना.

एका सकाळी ‘सुरमय’ एका मालवाहू बोटीला सोबत करत होती. त्या बोटीवर माडवेळचीच माणसं, धाकूचा पाठचा भाऊ लखूसुद्धा. तोच लांबवर शत्रूची बडी लढाऊ बोट उगवली. तिच्या तोफांचा पल्ला मोठा, आणि ‘सुरमय’चे टॉर्पेडो आदल्या झुंजीत संपलेले. ती एकटी पळाली असती तर कोणाच्या बापाला सापडली नसती. पण मालवाहू बोट म्हशीच्या चालीची. ती लखूसकट बुडाली असती.

लांबून जहाज ओळखायचं ते धुराडी मोजून. त्या पाण्यात गोऱ्यांच्या चार धुराड्यांच्या युद्धनौकेचा मोठा दरारा होता.

धाकू कप्तानाला म्हणाला, “साहेब, सोंग आणू या. चौथं उभारू.”

कप्तान आधी चिडला, मग हसला, मग स्वतःच दोर ओढायला लागला, असं सांगतात. बांबू, चटया, शिडाचं कापड, वर डांबर, की झालं! पण बिनधुराचं धुराडं दुर्बिणीला फसवणार कसं? धाकूनं घमेल्यात निखारे घेतले, तेलकट चिंध्या घेतल्या आणि आत शिरला.

खलाशांचा मुकादम इस्माईल सारंग ओरडला, “धाक्या, गुदमरून मरशील रे!”

“मेलो तर सरणाची लाकडं वाचली, मामू! तुम्ही बोट शत्रूच्या अंगावर घाला.”

आणि आत बसून त्यानं नवस केला, “आई जाखमाते, माझा लखू घरी आण. दर शिमग्याला तुझ्यापुढं चौथं पेटवू, आत माणूस बसवू.”

‘सुरमय’ निघाली, जरा तिरपी, म्हणजे चारही मोजता यावीत. शत्रूनं मोजली. एक गोळा टाकला, तो पाण्यात. आणि त्याची बोट शेपूट घालून जी वळली, ती दिसेनाशी झाली! धाकूला बाहेर काढला तेव्हा नुसते दात दिसत होते. पलीकडच्या बोटीवरून लखू ओरडला, “दादा, आता वाघ नको, अस्वल हो!”

आजही शिमग्याला ही होडी पाण्यात लोटतात, चौथ्यात नारळाची ओली सोडणं पेटवतात. वर्षभरात ज्यानं सगळ्यात मोठी थाप मारून पचवली, त्याला आत बसायचा मान. सगळा किनारा मोजतो, “एक! दोन! तीन!” आणि आतून काळं तोंड वर येतं, “चार!”

यंदा मानासाठी सरपंच टपलेत, मास्तर टपलेत. पण पाहुणे, तुमच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ जरा बघा. टेका म्हटलं, टेकलात! ही काजळी धुतल्यानं जात नाही, असं सांगतात.

यंदाचा मान माझा.