घट्ट झाकणाची बादली

भांडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळी गोदावरीकाठच्या एका गुरुद्वाऱ्यात एक बादली होती. लंगरात डाळ वाढायचं काम तिचं. ती आली होती दुष्काळी गावातून. तिथे तिने वर्षानुवर्षं कोरड्या पोटाने काढली होती. त्यामुळे पंगतीतून रिकामी परतली की ती धास्तावायची.

एका सकाळी काठोकाठ भरल्यावर ती झाकणाला म्हणाली, "आज घट्ट बस. ही डाळ माझी."

झाकण बसलं. सेवा करणाऱ्या हरवंतकौरने ओढून पाहिलं, ठोकून पाहिलं, शेवटी "राहू दे बाई" म्हणत बादली खांबाशी ठेवली. बाकीच्या बादल्यांतली डाळ मध्येच संपली; पंगतीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत ती पोचलीच नाही. त्याने दोन्ही हात पुढे करून रोटी घेतली, पाण्यात बुडवून खाल्ली आणि हात जोडून उठला. बादली बघत राहिली.

दुपार टळली तशी डाळ आंबली, फसफसली आणि झाकण उडालं.

"मी लबाड नाही गं," बादली रडत मोठ्या कढईला म्हणाली. "भीती वाटली. उद्या कुणी भरलंच नाही तर?"

"कळतं मला," कढई म्हणाली. "नाही भरलं तर तू रिकामी राहशील. पण तो म्हातारा जेवलेला असेल."

संध्याकाळी हरवंतकौरने बादली राखेने घासली आणि पुन्हा भरली. पंगत बसत होती.

बादली झाकणाला म्हणाली, "बघ रे, तो म्हातारा आलाय का?"