गौराक्काचं लुगडं

इरफ्या, फोन ठेवू नकोस. आत्ता दूध कट्ट्यावर काय झालंय ते ऐक, तुझं पुण्यातलं जेवण नंतर. आणि व्हिडिओ कॉल नको. का ते सांगतो.

"आबा, एका शब्दात सांगा. होऊ का नको?"

असं मी विचारलं. तिसऱ्यांदा.

आबा म्हणजे मेंगाणे डॉक्टर रे. जनावरांच्या दवाखान्यातनं रिटायर झालेले. तुझ्या कबुतराचा पाय आईस्क्रीमच्या काडीला बांधून दिला होता, आणि काडी आधी स्वतः चोखून साफ केली होती, ते.

तुला माहीत आहे घरी काय चाललंय. पप्पा म्हणतात दातांचा डॉक्टर हो, एसीत बसशील. मला जनावरांचा व्हायचंय. फॉर्म उद्या संध्याकाळी पाचला बंद. काल रात्रीच्या भांडणात पप्पा शेवटी म्हणाले, "मेंगाणे आबा हो म्हणाले तर भर. नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढायचा नाही."

म्हणून गेलो. आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

"नीटला मार्क चांगले आहेत, आबा. आणि मला जनावरांचं मन कळतं. लहानपणापासनं."

आबांनी एक शेंग फोडली. दाणे मला दिले. टरफल स्वतःकडं ठेवलं.

"मन कळतंय?"

"कळतं."

"बरं..."

बस. पाच मिनिटं नुसत्या शेंगा. मग उठले, पायात चपला सरकवल्या. "चल, दूध पिऊ."

कट्ट्यावर गेलो. किती वर्षांनी गेलो रे! तोच दगडी कठडा, समोर काढलेल्या धारेनं भरणारे तेच स्टीलचे ग्लास, ओळीनं उभ्या म्हशी. आणि मी सवयीनं डावीकडं कोपऱ्यात बघितलं. गौराक्का नाही.

आठवते ना? आपण तिसरीत होतो. क्लास बुडवून यायचो. ती धार काढता काढता सड आपल्याकडं वळवायची, "आ कर, बाळा, आ कर," आणि चुळकन धार थेट तोंडात. निम्मी नाकात. तू एकदा हसलास आणि सगळं माझ्या शर्टावर. घरी गेल्यावर वासावरनं पकडलो गेलो होतो.

गेली रे ती. सोमवारी. झोपेत गेली म्हणे. मलाही तिथंच कळलं.

तिचा मुलगा मल्लू शेवंतीजवळ बसला होता. शेवंती म्हणजे ती लांब शिंगांची म्हैस. दिवाळी पाडव्याला गौराक्का तिच्या शिंगांना मोरपिसं बांधायची. मल्लूच्या बादलीत तळापुरतं दूध. दाढी वाढलेली.

"आबा, बरं झालं आलासा. चार दिस झालं, दूध चोरतीया. रेडकू लावून बघितलं, पेंड घातली. कास बघा, दगड झालाय. हात लावला की लाथ झाडतीया. आता सुईच मारा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "सांगा, डॉक्टर."

मी काय, सुटलोच! पान्हा कसा सुटतो, ऑक्सिटोसिन म्हणजे काय, ते मेंदूतनं कसं येतं, बाहेरनं टोचलं तर काय तोटे... गिऱ्हाईकं ग्लास हातात धरून ऐकत होती. एक काका म्हणाले, "पोरगं हुशार आहे." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"बरोबर," आबा म्हणाले. "शंभरातले शंभर. आता हिला समजावून सांग."

सगळे हसले. मीही हसलो. जरा उशिरा.

आबा मल्लूकडं वळले. "तुझ्या आईचं लुगडं हाय का एखादं? धुतलेलं नको."

मल्लू कळल्यासारखा उठला. घर मागंच आहे त्याचं. हिरवं इरकल लुगडं घेऊन आला, घडी छातीशी धरून. "मीच पांघरतो, आबा."

"तू न्हाई." आबांनी लुगडं घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. "हा डॉक्टर हुतोय. ह्यो पांघरंल."

इरफ्या, कट्टा भरलेला! आणि समोर कोण, तर आमच्या क्लासची सायली पाटणकर, भावाबरोबर दूध प्यायला आलेली. भावाच्या हातात मोबाईल, तो माझ्यावरच रोखलेला.

"आबा, दुसरा काही उपाय..."

"हाय की. दातांचा दवाखाना."

घेतलं मी. डोक्यावरनं, खांद्यावरनं गुंडाळलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "वैनी, दोन ग्लास!" असं कुणीतरी ओरडलं. कान तापले माझे.

आणि मग वास आला रे.

शेणाचा, मिश्रीचा, धुराचा, आणि त्याखाली उतू गेलेल्या दुधाचा. आपल्या तिसरीचा वास, भावा. एकदम डोळ्यांत पाणीच आलं. पदर होता म्हणून बरं, कुणाला दिसलं नाही.

शेवंतीजवळ उकिडवा बसलो. ती हललीच नाही. नुसती कातडी थरथरवली.

मागनं आबा म्हणाले, "बोल कायतरी. गौराक्का गप बसणारी बाई नव्हती."

काय बोलणार? माझ्या तोंडातनं आपोआप आलं, "आ कर, बाळा... आ कर..."

शेवंतीनं मान वळवली. नाक थेट पदरात खुपसलं आणि एवढा मोठा श्वास घेतला की पदर आत ओढला गेला. सोडला. परत घेतला. मग माझा हात चाटायला लागली. कानस घासल्यासारखी जीभ.

मल्लूनं हळूच खाली बादली सारली.

चुर्र... चुर्र...

शिट्ट्या थांबल्या. सायलीच्या भावानं मोबाईल खिशात घातला. मल्लू धार काढत होता आणि रडत होता, आवाज न करता. बादली भरत आली, वर फेस, तसाच, आपल्या वेळचा.

मी उड्या मारायच्या बेतात! "आबा, जमलं! मला सोडला तिनं पान्हा!"

"तुला?"

जीभ चावली मी. म्हटलं, "म्हणजे... गौराक्काला. पण उपाय तर लागू पडला ना? आता पप्पांना फोन करा. हो म्हणून सांगा."

आबा कठड्यावरनं उठले. शेवंतीच्या कासेवरनं हात फिरवून बघितला. मऊ झाली होती.

"काम निम्मं झालंय. आता ते काढ आणि तिला सांग."

"काय सांगू?"

"गौराक्का गेली म्हणून."

मला वाटलं चेष्टा करतात. मी हसलो. आबा हसले नाहीत.

"आबा, म्हैस आहे ती."

"मघाशी तर तुला तिचं मन कळत हुतं."

"मल्लूनं सांगावं की. त्याची आई."

मल्लूनं खाली बघितलं. म्हणाला, "मला हुईना झालंय, दादा. चार दिस तिच्या म्होरं गेलो की म्हणतोय, येतीया बग, येतीया आक्का."

मी म्हटलं, "रोज हेच पांघरलं तर? सकाळ-संध्याकाळ. मी येईन, खरंच येईन."

"ये की. वास किती दिस टिकतोय ते बघू."

"वास गेल्यावर?"

"पुन्हा वाट बघंल. पुन्हा दगड."

शेवंती पदर चाटतच होती. एक टोक तिच्या तोंडात होतं.

"आबा, मग माझ्या फॉर्मचं काय?"

आबांनी मल्लूच्या हातनं ग्लास घेतला. सावकाश, फेसासकट प्यायले. मिशी पुसली. माझ्या डोक्यावरचा पदर जरा सरकला होता, तो नीट केला, आपण नव्या सुनेचा करतो तसा.

"पांघरायला कुणीबी पांघरंल, लेका. काढायला डॉक्टर लागतोय."

आणि गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता लोक पांगलेत. मल्लू रेडकाला घेऊन आत गेलाय. मी अजून तिथंच उकिडवा, डोक्यावर पदर, एका हातात फोन. शेवंती माझ्याकडं बघतीय रे, इरफ्या. सारखी बघतीय.

तू असतास तर काय केलं असतंस?