टेकूखालची पूजा

केतकी इंजिनिअर झाली आणि धुमाळशेठच्या साइटवर लागली. पहिलीच नोकरी! स्लॅब टाकून चार दिवस झाले नाहीत, तोच शेठ गरजला, "उद्या टेकू काढ, दुसऱ्या साइटवर हवेत."

"शेठ, स्लॅब अजून कच्चा आहे."

"अगं पोरी, तुझ्या वयाइतक्या इमारती उभ्या केल्यात मी! काही होत नाही. जमत नसेल तर घरी बस."

केतकी हसून म्हणाली, "बरं, काढते. मग उद्याच त्या स्लॅबखाली सत्यनारायण घालू. पूजेला तुम्ही आणि काकू जोडीनं बसा."

शेठनं हळूच वर पाहिलं. गवंडी तोंड फिरवून हसू लागले.

"टेकू राहू दे," शेठ पुटपुटला, "आणि तूही राहा."