एका दमडीचा वाटा

खूप जुन्या काळी, नदीच्या दर वळणावर जेव्हा वेगळं नाणं चालायचं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि लहानांच्या शेजारी बसलेल्या मोठ्यांनीही कान द्यावा.

नदीच्या अलीकडे एक छोटं गाव होतं. तिथे कवड्या चालत. पलीकडच्या मोठ्या पेठेत राजाचं तांब्याचं नाणं चाले. मधे घाटावर एक सराफ बसायचा. कवड्या देऊन तांबं घेतलं, की तो थोडा हिस्सा बट्टा म्हणून कापायचा. तांबं देऊन कवड्या घेतल्या, की पुन्हा बट्टा कापायचा.

या गावात ठकू नावाची एक बाई होती. तिला ना नवरा, ना मूल. बोटांना राख लावून ती मांडीवर कापसाच्या वाती वळायची आणि बाजारात विकायची. कवडीला एक जुडी. कापूस मात्र पलीकडून आणावा लागे, आणि प्रत्येक वेळी सराफाचा हात तिच्या कनवटीला लागे.

एके वर्षी राजाने दवंडी पिटली, "आजपासून सगळ्या राज्यात एकच नाणं!"

ठकूला आनंद झाला. ती नावेत बसली, पेठेत गेली, आणि त्याच पैशात कापसाचं पूर्वीपेक्षा मोठं गाठोडं घेऊन परतली. सराफाची जागा रिकामी होती. तिने मनोमन राजाला हात जोडले.

पण गावात वेगळंच घडत होतं. राजाचं सगळ्यात लहान नाणं म्हणजे दमडी. खजिन्यात ओंजळभर कवड्या दिल्या, की एक दमडी मिळे. गावकऱ्यांनी मात्र भाव ठरवताना एक गंमत केली. ते म्हणाले, "आपली धाकटी कवडी, राजाची धाकटी दमडी. धाकटीच्या जागी धाकटी!" कवडीची मिरची दमडीची झाली. दोन कवड्यांचं ताकही दमडीचं झालं. दमडीहून लहान नाणंच नव्हतं, तर दुसरं काय करणार?

पहिले काही दिवस विकणारे खूश होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की विकणारा आपण आणि विकत घेणाराही आपणच. दमड्या भराभर संपल्या. लोकांनी आधी ताक सोडलं, मग मिरची. वाती तर पहिल्याच दिवशी सोडल्या. एका जुडीला आख्खी दमडी कोण देणार? घरोघरी जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून दिव्यात घातल्या जाऊ लागल्या. दिवे धुरकट झाले.

ठकूच्या घरात कापूस छताला टेकला, आणि चूल थंड पडली. पलीकडच्या भावाने नावाड्याबरोबर निरोप धाडला, "इकडे ये. भांडी घास, दोन घास मिळतील." त्या निरोपात वहिनीचा आवाज ठकूला स्पष्ट ऐकू आला. पण जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बाजाराच्या दिवशी बोचकं घेऊन ती घाटाकडे निघाली. वाटेत ताकवाली म्हाळसा बसली होती. ठकूने उरलेल्या जुड्या तिच्यापुढे ठेवल्या.

"घे गं. तिकडे काय करू यांचं?"

"अगं, मला कशाला? माझं कालचं ताक इतकं आंबलंय, की आता माश्यासुद्धा तोंड वाकडं करून जातात!"

तेवढ्यात एक हमाल आला. त्याच्याकडे एकच दमडी होती. "ताक हवंय, मिरची हवीय, घरी दिव्याला वात नाही. ही फोडून मिळेल का?"

शेजारून मिरचीवाली गोदाक्का म्हणाली, "दगडावर आपट. फुटली, तर मलाही तुकडा दे."

सगळे हसले, पण ठकू हसली नाही. ती त्या दमडीकडे पाहत राहिली. मग तिने म्हाळसाजवळचं पळसाचं एक पान ओढलं. त्यावर ताकाचा द्रोण ठेवला, गोदाक्काच्या टोपलीतून मूठभर मिरच्या उचलून ठेवल्या, आणि बाजूला वातींच्या जुड्या.

"हा घे, दमडीचा वाटा."

हमालाने वाटा उचलला, दमडी ठेवली आणि तो खुशीत निघून गेला.

"व्वा!" गोदाक्का उखडली. "माझ्या मिरच्यांचा दानधर्म करणारी तू कोण? आता ही दमडी कुणाची? तुझी, तिची, की माझी?"

"अक्का, उन्हाळ्यात ओढ्याला धार असते करंगळीएवढी," ठकू म्हणाली. "ती तोडून आपण वाटून घेतो का? आज तुमच्या वाफ्याला, उद्या त्यांच्या. पाळी लावतो. नाणं फुटत नसेल, तर त्यालाही पाळी लावू. ही दमडी तुमची. पुढच्या वाट्याची म्हाळसाची. ज्याचा माल हलका, त्याने मूठ मोठी टाकायची."

गोदाक्काने दमडी हातात फिरवली. घाटावरून नावाड्याने हाक दिली, "ठकूबाई, येताय ना?"

गोदाक्काने ती दमडी ठकूच्या मुठीत दाबली. "पहिली पाळी तुझी. आणि ए नावाड्या, जा तू! ती येत नाही!"

 ठकूने बोचकं खाली ठेवलं आणि दुसरं पान पुसायला घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाजारातल्या पानांवर लिंबं आली, कोथिंबीर आली, मूठभर चुरमुरे आले. थोड्याच दिवसांत घरोघरचे दिवे पुन्हा स्वच्छ उजळले.

पुढे राजाचा कारभारी गावात आला. त्याने ताक मागितलं, तर समोर भरलेलं पान आलं.

"मी फक्त ताक मागितलं होतं."

"ताक लहान आहे, सरकार," म्हाळसा म्हणाली, "तुमची दमडी मोठी आहे."

कारभाऱ्याने वातींची जुडी जपून पागोट्यात खोवली आणि राजाला नेऊन दाखवली, म्हाळसाचं बोलणंही सांगितलं. राजा समंजस होता. त्याने दमडीहून लहान नाणं पाडलं आणि त्यावर पळसाचं पान कोरलं. आता कुणालाही हवी तेवढीच मिरची घेता येऊ लागली. तरी बाजारातल्या बायकांनी दमडीचा वाटा मोडला नाही. त्यात आता त्यांचा जीव गुंतला होता.

ठकू रोज दिवेलागणीला घाटावर दिवा ठेवायची, दोन वातींचा. एक वात त्या नाण्यासाठी, ज्याने तिला नदीपलीकडचा कापूस दिला. दुसरी त्या शेजारणींसाठी, ज्यांनी तिला नदीपलीकडे जाऊ दिलं नाही.

बोध: सगळ्यांसाठी एकच माप ठरवाल, तेव्हा सगळ्यात लहान मूठ त्यात मावते का, हे आधी पाहा.