राजाच्या नावाचे फळ

एका राज्यात सीताफळांना खरेच डोळे होते. फळ पिकले की ते डोळे उघडी, आणि त्याला पहिल्यांदा जो दिसे त्याचे भले होई. तिथला राजा रणधवल मात्र फळांकडे बघत नसे. तो गच्चीवर उभा राहून ओढ्यापलीकडे बघे. पलीकडची बाग धाकट्या भावाची, सोमकांताची होती. बापाने बाग दोघांना सारखी वाटली होती, वर सिंहासन थोरल्याला दिले होते. पण मत्सराला कुठली वाटणी सारखी वाटली आहे?

राज्याची रीत अशी, की प्रत्येक झाडाचे पहिले फळ मालकाच्या नावाने राखायचे. ते मालकानेच तोडायचे, दुसऱ्याने शिवायचे नाही. सोमकांत आपली फळे वेळेवर तोडी. रणधवलाला भावावर जळण्यातून सवड कुठली? त्याच्या नावाची फळे झाडावरच काळी पडली, वाळून दगड झाली आणि लोंबत राहिली. पाऊस आला की त्यांच्यावरून ओघळणारे पाणी कोवळ्या फळांवर पडे, आणि तीही काळी पडत. बाग सडत गेली, तसे राजाचे सिंहासन जमिनीत खचत गेले. दरबारी समोर उभे राहिले की त्याला त्यांचे गुडघेच दिसत. सिंहासन पुरते खचले की मुकुट धाकट्याकडे जायचा होता.

"ही सोमकांताची करणी," राजा म्हणे. भावाला झाडांवर निळे पाणी शिंपडताना त्याने पाहिले होते. एकदा तर तो निळ्या पाण्याचा हंडा घेऊन ओढा ओलांडून आला होता. राजाने त्याला वेशीवरूनच परत धाडले.

शेवटी रणधवल डोंगरातल्या जादूगाराकडे गेला. "माझ्या भावाची बाग सडव," तो म्हणाला.

जादूगाराने त्याला वारा भरलेली पिशवी दिली. "तुझ्या बागेत सोड. तुझा रोग त्याच्या दारी जाईल."

राजा बागेत आला आणि पिशवीची गाठ सोडू लागला. तेवढ्यात फांदीवरचा भारद्वाज बोलला, "राजा, आधी वर बघ."

राजाने वर पाहिले. झाडाझाडाला काळी फळे लोंबत होती, आणि सगळी त्याच्याच नावाची होती. त्याने पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"काय करू?" त्याने विचारले.

"तीन कामे कर. काळी फळे तोडून खोल पूर. वाळक्या फांद्या ओले लाकूड लागेपर्यंत काप आणि जाळ. तिसरे मात्र तुला जड जाईल. निळे पाणी मागून आण."

पहिली दोन कामे राजाने स्वतःच्या हाताने केली. वाऱ्याची पिशवीही त्याच खड्ड्यात गाडली. तिसऱ्यासाठी तो ओढ्यापर्यंत जाई आणि माघारी येई. इकडे सिंहासन इतके खचले, की त्याला दरबाऱ्यांच्या पायातल्या जोड्यांशी बोलावे लागे. तेव्हा कुठे त्याने ओढा ओलांडला.

"ये दादा," सोमकांत म्हणाला.

"तुझी ही जादू मला दे."

"जादू कसली? मोरचूद आणि चुना कालवलेले झाडांचे औषध आहे. मागे तुझ्यासाठीच हंडा आणला होता."

रणधवलाला लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर भावाचा चांगुलपणाही बोचला. तरी त्याने हंड्याची एक कडी धरली, दुसरी सोमकांताने धरली. दोघांनी मिळून झाडे न्हाऊ घातली.

पुढच्या बहराला फळे निर्मळ आली. पहिल्या फळाने डोळे उघडले तेव्हा समोर राजा उभा होता. त्याने ते आपल्या हाताने तोडले, आणि महालात सिंहासन वर आले.

फळ घेऊन तो ओढ्याकाठी भावाकडे गेला आणि त्याने ते फोडले. एक अर्धे मोठे निघाले, एक लहान. राजाचा हात क्षणभर थबकला. मग त्याने मोठे अर्धे सोमकांतापुढे धरले.

सोमकांताने ते घेतले. दोघे ओढ्यात पाय सोडून बसले आणि बिया थुंकत राहिले. त्यांची बाग पिकली तशी ऐकणाऱ्यांची पिको, आणि कुणाच्या झाडाला काळे फळ न राहो.