थोरलीची यादी

गोष्ट फार जुन्या काळची आहे. तेव्हा पोथ्या गावोगाव फिरत. बैलगाडीतून एका गावात येत, उन्हाळाभर मुक्काम करत आणि ज्येष्ठ सरला की पुढच्या गावी निघून जात. त्याच गावात परत यायला त्यांना सात वर्षं लागत.

एका डोंगरगावात दोन जावा राहत होत्या. थोरली सूत रंगवायची, धाकटी ते विणायची. थोरलीचा निळा पाहायला आसपासच्या गावांतून बायका येत. लाल मात्र तिला साधत नव्हता. दोन धुण्यांत तो फिका पडे. सहा वर्षं तिने साली उकळल्या, मुळं कुटली, पण टिकणारा लाल काही मिळाला नाही. गावातल्या नवऱ्या मुलींची लाल लुगडी अजून परगावाहूनच येत, आणि ते तिच्या मनाला फार लागत असे.

गाडीतल्या पोथ्या गावच्या पोथीघरात उतरत. तिथे एक म्हातारे आजोबा होते. गाडी आली की ते एकेकाला विचारत, "बोल, मनात काय काय आहे?" मग ज्याच्या त्याच्या आवडीच्या पाच पोथ्यांची यादी ताडपत्रावर लिहून देत. एका उन्हाळ्यात पाचच पोथ्या मिळत. घरात कुणी मागितलं, तर वाचून दाखवायचं, असाही नियम होता.

त्या वर्षी थोरली म्हणाली, "लाल रंग, आजोबा. दुसरं काय असणार? आणि लहानपणी मला पाखरांचं फार वेड होतं. तसलं काही असलं तर बघा."

मग धाकटीची पाळी आली. ती नुकतीच लग्न होऊन आली होती.

"आजोबा, सापाला ऐकू येतं का? समुद्राचं पाणी रात्री कुठे जातं? आमची शेळी खोकते, तिला काय द्यावं? आणि चांदण्यांची नावं हवीत. आणि एखादी हसवणारी पोथी पण द्या, सासूबाई फार गंभीर असतात."

आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पोरी, अशी मजेची यादी मी जन्मात लिहिली नाही."

थोरलीच्या छातीत कुणी निखारा ठेवावा तसं झालं. मागच्या खेपेलाही ती आली होती, पण आजोबा तिला असं काही म्हणाले नव्हते. तिने आपलं ताडपत्र न वाचताच कमरेच्या पिशवीत कोंबलं. डोळे सारखे धाकटीच्या पानाकडे जात होते.

दुसऱ्या दिवशी पोथ्या न्यायच्या होत्या. घरातल्या कुणाच्याही यादीतून थोरलीने आधी निवडायचं, असा मान होता. ती उजाडताच पोथीघरात पोचली.

"मला धाकटीच्या पाच द्या."

"अगं, आणि तुझ्या?"

"राहू द्या. तिला कळतं ते मला कळत नाही का?"

"यादी तरी वाचलीस का तुझी?"

"आजोबा, मान माझा आहे ना? मग द्या."

आजोबांनी पोथ्या दिल्या. थोरलीच्या पाच पोथ्या कोनाड्यात राहिल्या. थोरलीचा मान सोडला, तर जिच्यासाठी काढल्या, तिच्याशिवाय पोथ्या कुणाला देत नसत.

धाकटी पोथीघरात गेली तेव्हा तिच्या पोथ्यांची फळी रिकामी होती. ती जराशी हिरमुसली. पण संध्याकाळी थोरलीशेजारी येऊन बसली. "जाऊबाई, तुमच्याकडे आहेत ना त्या? मग वाचा की, मी ऐकते."

नियम मोडता येईना. थोरली वाचू लागली. चांदण्यांची नावं वाचताना तिला जांभया येत, समुद्राच्या पानावर डुलकी लागे. धाकटी मात्र कान टवकारून बसे. "थांबा, ते परत वाचा," म्हणे. हसवणाऱ्या पोथीला तर सासूबाईही येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. शेळीचा खोकला गेला. थोरलीचा घसा तेवढा बसला.

पाहता पाहता ज्येष्ठ सरला. थोरली पोथ्या परत करायला निघाली, तर धाकटी वाकून तिच्या पाया पडली. "जाऊबाई, कोण कुणासाठी एवढं वाचतं हो?"

थोरलीला वर बघवेना.

पोथीघरापुढे गाडी भरत होती. कोनाड्यातल्या पोथ्या गाडीवान उचलत होता. थोरलीला कमरेच्या पिशवीतलं ताडपत्र आठवलं. घामाने ते मऊ पडलं होतं. तिने ते पहिल्यांदाच उलगडलं. वरच्याच ओळीत लिहिलं होतं : "न उतरणारा लाल."

तिने धावत जाऊन ती पोथी हातात घेतली. भोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या कापडावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता. खूप जुना होता, कापड कितीदा धुतलेलं दिसत होतं, आणि ठसा अजून लालभडक होता.

"आजोबा, एक दिवस," ती म्हणाली. "एकच दिवस ठेवा हिला."

"पुढचं गाव वाट बघतंय, पोरी," आजोबा हळू म्हणाले. "तीन महिने ती तुझीच होती."

गाडीवानाने पोथी तिच्या हातातून सोडवून घेतली. बैल चालू लागले. थोरली वळणापर्यंत गाडीमागे चालत गेली. मग उभी राहून बोटांवर सात वर्षं मोजू लागली.

म्हणून लहानमोठ्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : दुसऱ्याची आवड हिसकावणाऱ्याला तिची गोडी लागत नाही, आणि आपल्यासाठी ठेवलेलं मात्र हातचं निघून जातं.