तिसरा घोडा

फार पूर्वी ग्रीस देशात थेरॉन नावाच्या वीराच्या रथाला तीन घोडे होते. दोन पांढरे, देवांनी दिलेले, अमर. तिसरा तांबडा, साधा. पांढऱ्यांना ना दम लागे, ना जखम होई, म्हणून तांबडा मनातल्या मनात जळायचा.

एका लढाईत थेरॉन मारला गेला. तांबड्यालाही भाला वर्मी लागला. धन्याशेजारी कोसळताना तो म्हणाला, "तुमचं बरं आहे. तुम्हाला मरण नाही."

थोरला पांढरा म्हणाला, "तू याच्याबरोबर चाललास. आम्हाला उद्या दुसऱ्याच्या रथाला जुंपतील. असे किती धनी गेले, पण एकालाही विसरता आलेलं नाही."

तांबड्याने थेरॉनच्या हातावर तोंड टेकलं. तो आजवर पांढऱ्यांकडे जसा बघायचा, तसे ते दोघे त्याच्याकडे बघत राहिले.